वाणसामानाची यादी: डाळ १० किलो, तेल साडेतीन लिटर

चौघांच्या घराची महिन्याची यादी साधारण अशी असते: तेल पाच लिटर, साखर पाच किलो, तूर डाळ दोन किलो, मूग डाळ एक किलो, मटकी अर्धा किलो, शेंगदाणे एक किलो, रवा, पोहे, मीठ, चहा, आणि मग बिस्किटांपासून फरसाणापर्यंतची लांबलचक शेपटी. ही यादी मागच्या महिन्याच्या यादीवरून उतरवलेली असते, आणि ती तिच्या आधीच्या महिन्याच्या. भाव वाढले की ब्रँड बदलतो, दुकानही बदलतं, पण 'तेल पाच लिटर' तसंच राहतं. म्हणून भावाची घासाघीस करण्याआधी यादीतले आकडे एकदा तपासून घ्यावेत.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या मार्गदर्शक सूचना नव्याने काढल्या. त्यात २००० कॅलरींच्या एका दिवसाचं ताट ग्रॅममध्ये मांडलं आहे. धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं (किंवा अंडी, मासे, मांस) ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिली, दाणे आणि तेलबिया ३५ ग्रॅम, तेल-तूप मिळून २७ ग्रॅम. वजनं सगळी कच्च्या मालाची, शिजवलेल्या अन्नाची नव्हेत. साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत आणि मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवायचं.

आता याला चार माणसं आणि तीस दिवस, म्हणजे १२० ने गुणा. धान्य ३० किलो. डाळी-कडधान्यं १० किलो. दाणे-तेलबिया ४ किलो २०० ग्रॅम. तेल-तूप ३ किलो २४० ग्रॅम, म्हणजे तेलच घ्यायचं तर साडेतीन लिटर. साखर जास्तीत जास्त ३ किलो, आणि मीठ ६०० ग्रॅम. नेहमीच्या यादीशेजारी हे आकडे लिहिले की कोणता रकाना फुगलाय आणि कोणता रोडावलाय ते लगेच दिसतं. घरात लहान मूल असेल किंवा रोज डबा बाहेरचा येत असेल तर आकडे कमी होतील, अंगमेहनतीचं काम करणारं कुणी असेल तर वाढतील. पण प्रमाण साधारण हेच राहतं.

डाळ दहा किलो हा आकडा वाचून पहिली हाक उठते ती खर्चाची. ती रास्त आहे, कारण डाळ म्हटलं की पुण्यात तूर. वरण तुरीचं, आमटी तुरीची, सांबारही तुरीचं. दहा किलो तूर परवडणार नाही आणि तशी गरजही नाही.

इथे एक सोपा हिशोब कामाला येतो. कुठल्याही पदार्थाच्या किलोच्या भावाला त्यातल्या प्रथिनांच्या टक्केवारीने भागा. येणारा आकडा म्हणजे १० ग्रॅम प्रथिनांची किंमत. तूर डाळीत आणि हरभरा डाळीत प्रथिनं जवळपास सारखीच, २२ टक्क्यांच्या आसपास. मूग आणि मसूर डाळीत २४, उडदाच्या डाळीत २३, शेंगदाण्यात २४, पनीरमध्ये १८-१९, आणि सोयाबीनच्या वड्यांमध्ये चक्क ५२. भाव रोज हलतात, म्हणून पुढचे आकडे फक्त उदाहरणादाखल धरा. तूर १५० रुपये किलो असेल तर १० ग्रॅम प्रथिनं ६ रुपये ८० पैशांना पडली. मसूर १०० रुपये असेल तर ४ रुपये २० पैशांना, सोयावडी १४० रुपये असेल तर २ रुपये ७० पैशांना, पनीर ४०० रुपये असेल तर २१-२२ रुपयांना. अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात, तेव्हा ७ रुपयांच्या अंड्यातून १० ग्रॅम प्रथिनं पावणेबारा रुपयांना मिळतात. ती पचायला आणि अंगी लागायला डाळीपेक्षा सरस, हेही खरं. आता बिस्किटं बघा. त्यांत प्रथिनं ७ टक्के, किलोला १३० रुपये धरले तर १० ग्रॅमला साडेअठरा रुपये. यादीची शेपटी महाग पडते ती अशी.

दहा किलोंची एक वाटणी अशी करता येईल: तूर ३ किलो, मसूर डाळ दीड, मूग डाळ १, हरभरा डाळ १, आणि उरलेले साडेतीन किलो अख्खं कडधान्य, म्हणजे मटकी, मूग, हरभरे, चवळी. अर्धा किलो सोयावडी घेतली तर तेवढ्यात एक किलोहून जास्त डाळीचं काम होतं. आठवड्याला पंधरा अंडी खाणाऱ्या घरात महिन्याची दीड-पावणेदोन किलो डाळ कमी धरली तरी चालेल. मसुरीचं नाव काढलं की नाकं मुरडणारी घरं आहेत. त्यांनी आमटीत तूर आणि मसूर निम्मी निम्मी घालून बघावी. चिंच-गुळाच्या आमटीत फरक ओळखू येत नाही, आणि मसूर लवकर गळते म्हणून आमटी मिळूनही येते.

तूर डाळ घेताना दुकानात दोन-तीन भाव सांगतात. तकतकीत चमकणारी डाळ पॉलिश केलेली असते. ही चमक आणताना पाण्याचा किंवा तेलाचा हात दिलेला असतो. पोषणात त्याने भर पडत नाही, किलोमागे पैसे मात्र वाढतात. बिनपॉलिशची डाळ दिसायला जरा मळकट पिवळी, चवीला चांगली. डाळ मुठीत घेऊन सोडा. हाताला पिवळी भुकटी लागली तर थोडी चालते, रंग लागला आणि पाण्यात टाकताच पाणी पिवळंजर्द झालं तर ती परत करा. आणखी एक गोष्ट नजरेने ओळखता येते: लाखेची डाळ. ही तूर, हरभरा डाळीत आणि बेसनात मिसळली जाते. तिचा दाणा तुरीसारखा गोलसर नसून कोपरे असलेला, चौकोनी, एका बाजूला उतरता असतो. लाख रोज आणि बरीच पोटात गेली तर पायांतली शक्ती कायमची जाऊ शकते. बेसनात ती दिसणारच नाही, म्हणून हरभरा डाळ आणून गिरणीतून दळून घेणं सगळ्यात बरं.

स्वस्त डाळ खरंच स्वस्त आहे का, ते घट काढल्याशिवाय कळत नाही. पहिल्यांदा पाव किलोच घ्या, घरी चाळा, पाखडा, निवडा. खडे, भुसा, फोलपटं मिळून २० ग्रॅम निघाले तर घट ८ टक्के. म्हणजे ९२ रुपयांची डाळ प्रत्यक्षात १०० ला पडली. शेजारची निवडलेली डाळ ९८ ला असेल तर तीच स्वस्त. कधी कधी डाळ स्वच्छ असते, पण चार शिट्ट्यांनीही शिजत नाही. बहुतेक वेळा ती जुनी असते, उष्ण-दमट गोदामात पडून दाणा कडक झालेला असतो. बोअरच्या जड पाण्यानेही असंच होतं. तासभर गरम पाण्यात भिजवली की बरीच सुधारते. सोडा घातला तर शिजेल, पण ब-१ जीवनसत्त्व जाईल.

आता तेल. दुकानात सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, आणि तीही कायद्याच्या चौकटीत. पूर्वी तेलाच्या पिशव्या ठरावीक मापांच्याच असायच्या. ती सक्ती उठल्यापासून ८००, ८५०, ८७० ग्रॅम अशी काहीही मापं दिसतात. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम, एवढा एकच आकडा लक्षात ठेवा. समजा, एक लिटरची पिशवी १५० रुपयांना आहे आणि शेजारची तेवढीच दिसणारी ८५० ग्रॅमची १४२ ला. आठ रुपये वाचले असं वाटतं. हिशोब केला तर पहिली १०० ग्रॅमला १६ रुपये ४८ पैसे पडते, दुसरी १६ रुपये ७० पैसे. डब्याचंही तेच. १५ लिटरच्या डब्यात १३ किलो ६५० ग्रॅम तेल असतं आणि १५ किलोच्या डब्यात साडेसोळा लिटरच्या जवळपास. 'पंधराचा डबा केवढ्याला?' असं विचारू नका, लिटर की किलो ते डब्यावर वाचा. पाकिटावर आता एककाचा भावही छापावा लागतो, म्हणजे ग्रॅमला किंवा किलोला, मिलिलिटरला किंवा लिटरला किती रुपये. बारीक अक्षरातली ती ओळ शोधलीत आणि दोन्ही पाकिटांवर एकक एकच असलं तर गणित करायचीही गरज नाही.

चौघांना साडेतीन लिटर पुरत असेल तर १५ लिटरचा डबा चार महिने चालेल. फोडलेलं तेल इतके दिवस हवेच्या संपर्कात राहिलं की खवट होऊ लागतं, म्हणून डबा घ्यायचाच तर दोन-तीन घरांत वाटून घ्यावा. अर्धा किलो तूप यादीत असेल तर तेल तीन लिटरवर आणा, कारण २७ ग्रॅमात दोन्ही धरलेली आहेत. पिशवीवर 'कोलेस्टेरॉलमुक्त' लिहिलंय म्हणून जास्त पैसे देऊ नका. वनस्पतीच्या कुठल्याच तेलात कोलेस्टेरॉल नसतं. बाटलीवर शेंगा किंवा करडईचं चित्र असलं तरी खाली 'मिश्र खाद्यतेल' लिहिलेलं आहे का ते पाहा. अशा मिश्रणात एक तेल २० टक्के असलं तरी नियमात बसतं, आणि उरलेलं ८० टक्के कशाचं ते पाकिटावर लिहिलेलं असतं. सुटं तेल घेऊ नये. ते सीलबंदच विकायचा नियम आहे, आणि सुट्यात काय मिसळलंय ते घरी ओळखण्याचा भरवशाचा उपाय नाही.

तेलातून वाचलेले पैसे दाण्यांकडे वळवा. मराठी स्वयंपाकात कूट आहे, तिळाची, जवसाची, कारळ्याची चटणी आहे, तेव्हा बदाम-अक्रोड परवडले नाहीत तरी अडत नाही. शेंगदाणे अडीच किलो, तीळ, जवस, कारळे आणि सुकं खोबरं मिळून दीड-पावणेदोन किलो. शेंगदाणे मात्र नीट निवडून घ्यायचे. सुरकुतलेला, काळपट, बुरशीची छटा असलेला किंवा कडू लागणारा दाणा फेकून द्या, कारण त्यात अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकतं. भाजल्याने ते पूर्ण जात नाही. कुटाचे तयार पुडे स्वस्त असतात, पण कुटात दाणा कसा होता ते कोण पाहणार?

साखर-मिठाचं थोडक्यात. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून दोनदा घेतला तर १६ ते २० ग्रॅम साखर तिथेच संपते. गूळ आणि बिस्किटांतली साखर याच तीन किलोंत मोजायची. गुळाने चव येते, साखरेचा हिशोब चुकत नाही. मिठाचा एक किलोचा पुडा पन्नास दिवस पुरायला हवा, आणि पापड, लोणचं, फरसाण रोज असेल तर त्याहून जास्त. मीठ आयोडीनयुक्तच घ्या. सैंधवात ते बहुधा नसतं.

धान्याच्या तीस किलोंत पुणेकर घर गहू आणि तांदळावरच थांबतं. गहू १२ किलो, ज्वारी-बाजरी-नाचणी ९, तांदूळ ७ आणि पोहे-रवा २ अशी वाटणी करून पाहा. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुसऱ्या कुठल्या धान्यात एवढं नाही. मालदांडी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, नवा गहू मार्च-एप्रिलमध्ये. भाव तेव्हाच नरम असतात. ज्वारीचं पीठ जुनं झालं की चिकटपणा जातो आणि भाकरी थापताना चिरते. बाजरीचं पीठ तर आठ-दहा दिवसांत कडवट होतं, कारण दळल्यावर त्यातली चरबी भराभर खराब होते. म्हणून बाजरी दोन किलोपेक्षा जास्त दळायची नाही आणि बाजरीच्या पिठाचं तयार पाकीट दळल्याची तारीख बघितल्याशिवाय घ्यायचं नाही. तांदळात इंद्रायणी नवा असताना चिकट होतो, मऊ भाताला तोच छान. मोकळ्या भातासाठी जुना कोलम मागा. इडली-डोश्याला, घावनाला, पिठीला अख्खा तांदूळ लागतच नाही, तुकडा तांदूळ कितीतरी कमी भावात मिळतो.

सुटं घ्यावं की पाकीट? डाळ, धान्य, कडधान्य सुटं. तेल, मीठ, दळलेले मसाले सीलबंद, असा ढोबळ नियम धरा. २५ किलोपर्यंतच्या छापील पाकिटातल्या धान्य-डाळीवर जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे, सुट्यावर नाही. सुट्या मालाला मुदतीची तारीख नसते हा त्याचा तोटा. तेव्हा असं दुकान निवडा जिथे माल पडून राहत नाही. पोतं तोंडाशी उघडं, डाळीला कुबट वास आणि तळाशी जाळी दिसली तर मालक कितीही गोड बोलो, पुढे चला. नवा माल कोणत्या वारी येतो ते विचारून ठेवा. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गर्दीत कुणी नीट उत्तर देत नाही. पंधरा तारखेनंतर दुपारची विश्रांती संपल्यावर गेलात तर डाळ हातावर घेऊन बघायलाही मिळते.

काट्यावर दोन गोष्टी पाहायच्या. रिकामा असताना शून्य दाखवतो का, आणि डब्यात तोलत असतील तर डब्याचं वजन वजा केलंय का. शंका आली तर दुकानातलाच मिठाचा सीलबंद एक किलोचा पुडा काट्यावर ठेवायला सांगा. १००० आणि वर पिशवीचे चार-सहा ग्रॅम दिसले पाहिजेत. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन विभागाकडून दरवर्षी पडताळणी करून शिक्का घ्यावा लागतो, तो शिक्का काट्यावर असतो. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागितले तर पावती घ्या आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. थंड करण्याचे वेगळे पैसे मागणं हासुद्धा जादा आकारच.

पाकीट उलटं करून वाचायची सवय लागली की यादीची शेपटी आपोआप आखडते. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. 'मल्टीग्रेन' बिस्किटाच्या यादीत पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरं पामतेल आणि शेवटी 'नाचणी पीठ २ टक्के' असेल तर ते मैद्याचंच बिस्कीट. काही कंपन्या साखर, ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप अशी नावं वेगवेगळी लिहितात. त्यामुळे प्रत्येक घटक यादीत खाली सरकतो आणि साखर कमी आहे असा भास होतो. म्हणून खालच्या तक्त्यात १०० ग्रॅममागे एकूण साखर किती ते बघा. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं: १०० ग्रॅम फरसाणात ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. 'भरपूर तंतू' असा दावा करायला १०० ग्रॅममध्ये निदान ६ ग्रॅम तंतू असावे लागतात. तेवढे तर घरच्या न चाळलेल्या कणकेत सहज असतात. खाद्य परवान्याचा क्रमांक १४ आकडी असतो. घरगुती म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांवर तो नसेल तर दुकानदाराला विचारा.

स्वस्तात घेतलेलं धान्य टोक्यांनी खाल्लं तर सगळा हिशोब वाया. मे महिन्यात वर्षाचं भरायचं तर दोन-तीन कडक उन्हं द्या, पूर्ण गार होऊ द्या (गरम धान्य डब्यात भरलं की आत घाम सुटतो) आणि कोरड्या डब्यात वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासकट गच्च भरा. तुरीला किलोमागे चहाचा चमचाभर एरंडेल चोळतात, शिजवण्याआधी दोनदा धुवायचं. जागा नसेल तर रवा, नाचणी, बेसन तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मग डब्यात भरा, किडींची अंडी मरतात. धुरीच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात आणूच नका. त्यांतून निघणारा वायू बंद खोलीत माणसाचा जीव घेतो. पावसाळा सुरू झाला की साठवण थांबवून महिन्यापुरतंच घ्या.

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भुसार विभागातून कट्टा आणणं परवडतं का, हा पुण्यातला नेहमीचा प्रश्न. ३० किलो तांदळावर किलोला ६ रुपये वाचले तर १८० रुपये झाले. कोथरूडहून रिक्षाने गेलात तर जाण्या-येण्यात ते संपतातच. तीन घरांनी मिळून गहू, तांदूळ, तूर एकदम आणली तर मात्र फरक पडतो. एरवी कोपऱ्यावरच्या दुकानदाराला 'दहा किलो घेतली तर भाव काय?' एवढं विचारा. पाव-पाव किलोच्या पुड्या बांधण्यापेक्षा त्यालाही ते सोयीचं असतं, आणि माल तो घरपोच टाकतो.